साथीच्या काळातील तलाव

१९३६च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहराने एकामागून एक असे अकरा भव्य सार्वजनिक जलतरण तलाव नागरिकांसाठी खुले केले. मंदीच्या दिवसांत बेकारांच्या हातांना काम मिळावे म्हणून अमेरिकेच्या संघ सरकारने जो पैसा खर्चिला, त्यातूनच ते उभे राहिले होते. कोंदट खोल्यांतून वाढणाऱ्या गरीब मुलांना थंड पाण्याचा हा केवढा तरी आसरा वाटला असेल! परंतु ज्या ऋतूत तलाव गजबजत, त्याच ऋतूत पोलिओही येई. आणि साथ आली की अनेक गावांच्या नगरपालिका तलावांच्या फाटकांना कुलपे घालीत.

या भीतीला १९१६ सालच्या साथीची पार्श्वभूमी होती. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे २७,००० लोकांना पोलिओ झाला व त्यांपैकी सुमारे ६,००० दगावले. एकट्या न्यूयॉर्कमध्ये ९,००० हून अधिक रुग्ण होते. सोळा वर्षांखालील मुलांना चित्रपटगृहांत मज्जाव झाला, शहर सोडून जाणाऱ्या मुलांजवळ आरोग्याचा दाखला मागण्यात येऊ लागला आणि हजारो मांजरे मारण्यात आली. मांजरांचा या रोगाशी काडीचाही संबंध नव्हता. पण भ्यालेल्या शहराला काहीतरी केल्याचे समाधान हवे असते, आणि मांजराला दाद मागता येत नाही.

रोग विषाणूमुळे होतो हे लँडस्टायनर व पॉपर यांनी १९०८ सालीच दाखवून दिले होते. तो शरीरात शिरतो कोठून, हे मात्र उमगले नव्हते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर यांचा कौल नाकाच्या बाजूने होता. त्यांच्या प्रयोगांतील माकडांना तोंडावाटे हा रोग होत नसे, आणि जे माकडाला लागू तेच माणसालाही, असे गृहीत धरले गेले. पुढे १९४०च्या सुमारास येल विद्यापीठातील पॉल व ट्रास्क यांना शहराच्या सांडपाण्यात हा विषाणू आढळला. तो आतड्यांत वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि अस्वच्छ हातांवाटे पुन्हा तोंडात जातो, हे हळूहळू स्पष्ट झाले. या शोधाने तलावाची भीती ओसरण्याऐवजी वाढणेच स्वाभाविक होते, कारण आता संशय थेट पाण्यावरच आला.

या भीतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे. ऑगस्ट १९२१ मध्ये कॅम्पोबेलो बेटावर थंड पाण्यात पोहून आल्यावर त्याच संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली आणि थोड्याच दिवसांत पाय लुळे पडले. लोकांनी त्या पाण्याला दोष दिला. वस्तुतः संसर्गापासून पक्षाघातापर्यंत साधारणतः एक ते तीन आठवडे जातात; म्हणजे विषाणूने त्यांना गाठले ते त्या पोहण्याच्या बरेच आधी. तेच रुझवेल्ट १९२४ पासून जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे ऊन पाण्याच्या कुंडात व्यायाम करू लागले, आणि तेथे पोलिओग्रस्तांसाठी केंद्र उभे राहिले. ते गोऱ्यांपुरतेच होते. कृष्णवर्णीय मुलांसाठी टस्कीगी येथे केंद्र निघाले ते १९४१ साली.

मग तलाव बंद करण्यात अर्थ होता की नव्हता? क्लोरीन योग्य प्रमाणात असेल तर पोलिओचा विषाणू पाण्यात फार काळ टिकत नाही. तेव्हा नीट राखलेल्या तलावाचे पाणी हा मोठा धोका नव्हता. परंतु या रोगाची लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. सुमारे दोनशेंत एकालाच पक्षाघात होतो. खोकणाऱ्याला वा तापलेल्याला दारात अडवून विषाणू अडत नव्हता. काठावरची झुंबड आणि शौचालयातून तसेच परतणारे हात यांना क्लोरीन पुरे पडत नव्हते. शिवाय उकाडा काही आदेशाने थांबत नाही. तलाव बंद झाला तर मुलांनी नदीनाल्यांचा रस्ता धरू नये म्हणून कोणी पहारा ठेवायचा? १९५२ मध्ये अमेरिकेत सुमारे ५८,००० रुग्ण झाले. ही धास्ती खऱ्या अर्थाने ओसरली ती १२ एप्रिल १९५५ रोजी साल्क यांची लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाल्यानंतर.

भारतात हाच प्रश्न कोविडच्या निमित्ताने उभा राहिला. १६ मार्च २०२० च्या केंद्रीय सूचनेत शाळा व व्यायामशाळांबरोबर जलतरण तलावही बंद ठेवण्यास सांगण्यात आले. १५ ऑक्टोबरपासून खेळाडूंच्या सरावासाठी आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांसाठी परवानगी मिळाली. या विषाणूचा मार्ग श्वासाचा. म्हणून पाण्यापेक्षा कपडे बदलण्याच्या बंद खोल्या आणि काठावर घोळक्याने मारलेल्या गप्पाच अधिक घातक. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांना असे आढळले की, लिटरमागे दीड मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या, योग्य आम्लतेच्या पाण्यात हा विषाणू तीस सेकंदांत जवळजवळ निष्प्रभ होतो. हा निष्कर्ष एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्याच्या आरंभी दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रातील तलाव पुन्हा बंद झाले होते; त्या निष्कर्षाने ते उघडण्याचे कारण नव्हते, कारण ते बंद झाले होते ते गर्दीसाठी, पाण्यासाठी नव्हे.