रानवाट आणि मुक्काम

श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं ताडोबाचें रान पाहिलें असेल. शुक्रवारीं सायंकाळीं नागपुराहून मोटार निघते, रात्रीं मोहर्लीस मुक्काम होतो, आणि दुसऱ्या दिवशीं उजाडतां उजाडतां उघड्या जिप्सींतून मंडळी धुळीच्या वाटेनें वाघाच्या शोधार्थ जातात. रविवारीं रात्रीं सर्वजण घरीं परत. त्या थंडीचें, त्या धुळीचें आणि गाडीच्या हिसक्यांचें कौतुक मग पुढचा आठवडाभर पुरतें. घर सोडून रानांत जावें, सडक नसलेल्या मुलखांतून गाडी हांकावी, उघड्यावर रात्र काढावी आणि हें सारें आनंदाकरितां करावें, ही नव्या काळाची हौस आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. चांद्याच्या रानापुरतें बोलावयाचें तर तो समज फारसा खरा नाहीं. त्या रानांत गाड्याही जुन्या आहेत, मुक्कामही जुने आहेत आणि हौसही जुनीच आहे. बदल झाला आहे तो दुसऱ्याच बाबतींत. आणि तो समजण्यासाठीं शेंदीडशें वर्षें मागें जावें लागतें.

जुना चांदा जिल्हा म्हणजे ढोबळ मानानें आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा झाला. पश्चिमेकडून वर्धा आणि उत्तरेकडून वैनगंगा अशा दोन नद्या येतात, चपराळ्याजवळ त्या एकमेकींस मिळतात, आणि त्यांची प्राणहिता होऊन ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडे इंद्रावती वाहते. मधल्या भागांत साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचें रान, आणि त्यांतून वाहणारे इतके नाले कीं त्यांची मोजदाद कोणी करीत नाहीं. सखल भागांतील काळ्या मातीला तेथें कन्हार म्हणतात. मृगाच्या पावसानें ती भिजली म्हणजे तिच्यांत माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. मग गाडीच्या चाकाची काय कथा! ज्येष्ठ-आषाढापासून दसऱ्यापर्यंत या मुलखांत वाट म्हणून कांहीं उरतच नसे. दिवाळीनंतर नाले आटत, आणि जेथून पाणी वाहत होतें तेथूनच माणसें चालूं लागत. वाट अशी ऋतूवर अवलंबून असे. सरकारी नकाशावर एकादी रेघ काढल्यानें ती निर्माण होत नसे.

त्या वाटेला साजेशी गाडी लोकांनीं स्वतःच सिद्ध केली होती. ओझ्याची ती बंडी किंवा खाचर. दोघाचौघांनीं बसून झपाट्यानें जाण्याची ती रेंगी. आणि वर छत घालून बायकामुलांना नेण्याची ती दमणी. बंडीचें चाक छातीपर्यंत उंच, त्यामुळें मधला कणा जमिनीपासून पुष्कळ वर राही आणि दगडधोंडे, खुंट यांवरून ती सहज निघून जाई. कण्याला धावड्याचें चिवट लांकूड, वंगणाला एरंडेल. सांधे मुद्दाम थोडे सैल ठेवलेले असत. गाडी एका बाजूस कलली कीं सारा सांगाडा कुरकुरत वांकडा होई, पण मोडत नसे. आणि मोडलाच, तर जेथें मोडला तेथेंच त्याचें लांकूड उभें असे. बरोबर कुऱ्हाड आणि वाकस असली म्हणजे गाडीवानाला दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नसे. आजच्या रानगाडीचा जाहिरातदार जे गुण ओरडून सांगतो, म्हणजे उंच बूड, लवचिक सांगाडा आणि जागच्या जागीं दुरुस्ती, ते सारे या गाडींत होते. फक्त ती ताशीं दोन-अडीच मैल चाले.

सर्वांत कठीण परीक्षा नदीच्या पात्रांत होई. उन्हाळ्यांत वैनगंगेचें पात्र म्हणजे एक लहानसें वाळवंटच. राल्फ बॅग्नॉल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १९२७ पासून कांहीं वर्षें लिबियाच्या वाळवंटांत फोर्ड मोटारी नेल्या. चाकांतील हवा कमी करावी, रुतलेल्या चाकाखालीं पोलादी पन्हळी साराव्या, अशा युक्त्यांमुळें त्याचें नांव झालें, आणि आजही वाळूंत गाडी घालणारे हौशी लोक त्याच युक्त्यांवर चालतात. चांद्याकडील गाडीवान वाळूवर गवत, फांद्या आणि बांबूचे तट्टे अंथरी, पुढें शेजाऱ्याच्या बैलांची आणखी एक जोडी लावी आणि पैलतीरीं पोंचला कीं आपली जोडी त्याच्या गाडीसाठीं परत आणी. तत्त्व एकच, पण बॅग्नॉल्डनें त्याचें पुस्तक लिहिलें, गाडीवानानें लिहिलें नाहीं.

हौसेचा प्रवास पाहावयाचा असेल तर मार्कंड्याची जत्रा आठवावी. चामोर्शीजवळ वैनगंगा एक वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि तेथें तिच्या कांठीं मार्कंडदेवाचीं जुनीं, कोरीव कामानें भरलेलीं देवळें उभीं आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं १८७३ ते १८७५ या काळांतील दौऱ्यांच्या अहवालांत त्यांचें सविस्तर वर्णन केलें आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. मोटारी येण्यापूर्वीं पांच-पांच दिवसांच्या वाटेवरून गाड्यांचे तांडे निघत. बैलांच्या गळ्यांत घुंगरमाळा, दमणींत म्हातारीं माणसें, गाडीमागें चालणारीं पोरें, साट्याखालीं टांगलेला कंदील. रात्र पडली कीं गाड्या गोल उभ्या करावयाच्या, बैल आंत बांधावयाचे आणि मधोमध आगटी पेटवावयाची. वाघाचें भय त्या काळीं खरेंखुरें होतें. नदीच्या वाळूंत तीन दगडांची चूल मांडून रोडगे भाजावे, रात्रभर भजन करावें आणि पहाटे गार पाण्यांत बुडी मारावी. खुद्द ताडोबाच्या तळ्याकांठींही अशीच जत्रा पौष महिन्यांत भरत असे. वाघाशीं झुंजतांना मेलेल्या तारू नांवाच्या गांवप्रमुखाचें तें स्थान, अशी गोंड लोकांची श्रद्धा. आज जेथें पर्यटक दुर्बीण लावून बसतो तेथें त्याच्या पूर्वींच बंड्या सुटलेल्या होत्या.

आतां दुसऱ्या प्रकारच्या मुक्कामाकडे वळावें. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें आणि चांद्याला डेप्युटी कमिशनर आला. थंडीचे तीन-चार महिने त्यानें जिल्ह्यांत फिरावें असा शिरस्ता होता. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा १८६९ चा प्रसिद्ध अहवाल अशाच भटकंतीवांचून तयार होणें शक्य नव्हतें. साहेबाचा दौरा म्हणजे एक चालतें गांवच असे. तंबूंचे दोन जोड असत. एक आमराईंत किंवा तलावाच्या पाळीजवळ उभा असतां दुसरा रात्रींच बंड्यांवर लादून दहा-बारा मैल पुढें जाई. सकाळीं साहेब घोड्यावरून निघून तेथें पोंचे तेव्हां तंबू ठोकलेला, मेज मांडलेलें आणि चहा तयार. बरोबर कारकून, चपराशी, खानसामा, भिस्ती, दुभत्या म्हशी आणि कोंबड्यांचीं खुराडीं. पुष्कळ इंग्रजांनीं या दिवसांच्या आठवणी अत्यंत गोड लिहिल्या आहेत, आणि त्या खऱ्याही असतील. कचेरीच्या चार भिंतींतून सुटून कोवळ्या उन्हांत घोडा दौडवावा, संध्याकाळीं शेकोटीपाशीं बसावें, यासारखें सुख तें कोणतें?

पण त्या तंबूच्या दोऱ्या कोणीं ताणल्या, हा प्रश्न त्या आठवणींत क्वचितच येतो. साहेबाची स्वारी येणार म्हटलें कीं कोतवाल गांवांत फिरे. अमक्याची बंडी, तमक्याचे बैल, इतकें गवत, इतकीं लांकडें, इतकीं मडकीं, इतकें दूध. यालाच रसद म्हणत. आणि माणसाच्या अंगमेहनतीला बेगार. नाल्याचा उतार खणून गाडीजोगा करणें, फांद्या छाटून वाट मोकळी करणें, रात्रीं शेकोट्या धरून बसणें, हें काम गांवाच्या माथीं. दर ठरलेला असे, पैसेही पुष्कळदां मिळत. पण ते साहेबाच्या हातून निघून गोंडाच्या हातीं पडेपर्यंत मध्यें किती बोटें लागत याचा हिशेब कोणत्याही दप्तरांत नाहीं. शिवाय दौऱ्याचे हे दिवस म्हणजे धान कापून मळण्याचे दिवस. बैल गेले कीं खळें थांबे. ही तक्रार एकट्या चांद्याची नव्हती. कुमाऊंच्या डोंगरांत याच जाचाला कंटाळून लोकांनीं जानेवारी १९२१ मध्यें बागेश्वरच्या जत्रेंत बेगारीच्या नोंदवह्या शरयूच्या प्रवाहांत फेंकून दिल्या. चांद्याच्या रानांत वह्या बुडविण्याचा असा प्रसंग घडल्याचें प्रसिद्ध नाहीं. तेथें त्यापूर्वीं निराळेंच घडलें होतें.

तो प्रसंग १८५८ चा. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं त्या वर्षीं गोंड आणि इतर लोकांना जमवून उठाव केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिलच्या रात्रीं प्राणहितेच्या कांठीं चुंचगुंडी येथें तारखात्याच्या माणसांची छावणी पडलेली होती. उठाववाल्यांनीं तिच्यावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नांवाचा तिसरा निसटला. पुढें इंग्रजांनीं आहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणलें, त्यांच्या माणसांनीं बाबूरावांना पकडून दिलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास त्यांना फांशीं देण्यांत आलें. हल्ला झालेली छावणी फौजेची नव्हती, तारेची होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तारेला चिखल आडवत नाहीं आणि पूर थांबवीत नाहीं. जो मुलूख पावसाळ्याचे चार महिने आपल्या मालकीचा राही, तो तार आली कीं बारमाही दुसऱ्याचा होणार होता. त्या रात्रीं हल्ला करणाऱ्यांनीं इतका विचार केला असेलच असें नाहीं. परंतु परिणाम मात्र तोच झाला.

त्यानंतर इंग्रजांनीं नदीचीच सडक करून पाहिली. नागपूर-वऱ्हाडचा कापूस गोदावरीवरून पूर्वसमुद्रास न्यावा, ही सर आर्थर कॉटन यांची आवडती योजना. खडकांच्या तीन अडथळ्यांपाशीं बांध-कालव्यांचीं कामें चाललीं, त्यांतला तिसरा अडथळा प्राणहितेवर देवलमरीला. पैसा वाहून गेला, ताप आणि पटकीनें मजूर मेले, आणि १८७१ मध्यें तें काम सोडून देण्यांत आलें. पुढें आगगाडी आली. १९२९ मध्यें बल्लारशाह-काझीपेठ हा तुकडा पुरा होऊन दिल्ली आणि मद्रास जोडलीं गेलीं. परंतु रूळ रानाच्या कडेनें गेले. पूर्वेकडील आलापल्ली, भामरागड, सिरोंचा यांस बंडीच राहिली, आणि जेथें बंडीही जाईना तेथें सागाचे ओंडके ओढावयास वनखात्यानें हत्ती ठेवले. कमलापूरची हत्तींची छावणी त्याच काळाची खूण आहे.

दुसऱ्या महायुद्धानें जीप दिली. १९४७ पासून ती मुंबईंत जुळविली जाऊं लागली आणि लौकरच वनखात्याच्या, पोलिसांच्या व संशोधकांच्या हातीं आली. एका मुक्कामाची हकीकत येथें सांगितलीच पाहिजे, कारण तो बहुधा या रानांतला सर्वांत फलदायी मुक्काम ठरला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना १९५८ पासून १९६१ पर्यंत सिरोंचा तालुक्यांतील पोचमपल्लीजवळ एका प्रचंड प्राण्याचीं सुमारें ३०० हाडें सांपडलीं. पहिल्या जुरासिक काळांतला, सुमारें १४ मीटर लांबीचा तो वनस्पतिभक्षक डायनासोर. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षाची आठवण म्हणून १९७५ मध्यें त्याचें शास्त्रीय नांव बारापासॉरस टागोराय असें ठेवण्यांत आलें. बारा म्हणजे बंगालींत मोठा आणि पा म्हणजे पाय. चांद्याच्या रानांतून निघालेला तो मोठ्या पायांचा प्राणी कलकत्त्यास जाऊन उभा राहिला.

जीप आल्यानें सर्वांचीच वाट सुटली, असें मात्र नव्हे. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहिले, तेव्हां माडिया रोगी येत ते पायीं किंवा खाटेवरून. बाज उलटी करून तिला बांबू बांधावयाचा, चौघांनीं खांद्यावर घ्यावयाचा आणि नाल्यामागून नाले ओलांडीत दोन-दोन दिवस चालावयाचें. पावसाळ्यांत पर्लकोटा फुगली कीं तेंही बंद. बिनरस्त्याच्या मुलखांतील प्रवास कशाला म्हणतात हें त्या खाटेवरच्या बाईला विचारावें. तिला त्यांत साहस दिसलें नसतें.

ताडोबांत १९३५ मध्यें शिकार बंद झाली, १९५५ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९९५ मध्यें व्याघ्र प्रकल्प. या शतकांत कोळसा, बोटेझरी, नवेगांव, जामणी येथील कुटुंबांना वाघांसाठीं जागा मोकळी करून बाहेर वसविण्यांत आलें. त्यांच्या बंड्यांच्या चाकोऱ्या मात्र राहिल्या आहेत, आणि पुष्कळ ठिकाणीं जिप्सीची चाकें त्यांतूनच फिरतात. जिप्सी चालविणारा आणि वाघाचा माग दाखविणारा बहुधा आसपासच्या गांवचा तरुण असतो. बेगारीचा आणि त्याचा संबंध नाहीं. त्याला रोजचा ठरलेला मोबदला मिळतो, आणि गाडी रुतली तर तोच खालीं उतरून ती काढतो. वाटेंत दगडी खांबांची एक रांग लागते. गोंड राजांची स्वारी येतांना त्या खांबांवरून दोर ओढून घंटा वाजवीत, असें तो प्रवाशांना सांगतो, आणि गाडी हळूच पुढें काढतो.