बैठक केवढी, वॅट किती?

गोंदिया जिल्ह्यातील कौलारू घर असो वा स्लॅबची सदनिका, अ‍ॅम्प्लिफायर घेताना खोक्यावरील ‘पीएमपीओ’च्या फुगीर आकड्यास भुलू नये, ‘आरएमएस’ वॅट विचारावेत. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर तेवढा आवाज देतो. अंतर दुप्पट झाल्यास तो सुमारे ६ डेसिबलने घटतो (बंद खोलीत थोडा कमी), तर शक्ती दुप्पट केल्यास अवघा ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे १० बाय १२ फुटांच्या बैठकीस प्रत्येक स्पीकरमागे २० ते २५ वॅट पुरतात. श्रोता दोनऐवजी चार मीटरवर बसल्यास जवळपास चौपट लागतात. दुबळा अ‍ॅम्प्लिफायर ताणून वाजविल्यास आवाज फाटतो, ट्विटर जळतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरवर येतो. उघड्या भिंतींमुळे आवाज घुमत असल्यास वॅट वाढवू नयेत, जाड पडदे लावावेत, सतरंजी अंथरावी.