वारली चित्रकला : शेणा-गेरूच्या भिंतीवरून छायाचित्रावर

वारली चित्र म्हटले की गेरूवरची पांढरी त्रिकोणी माणसे आणि तारप्याभोवतीचा नाच आठवतो. हीच चित्रभाषा आज जंगलतोड, दुष्काळ आणि स्थलांतर यांविषयीही बोलते. या प्रवासात चित्राचे साहित्य बदलत गेले.

मूळ पद्धत कशी आहे?
पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नाच्या वेळी सवासिनी घराच्या भिंतीवर देवचौक काढतात. त्यात पालघट देवी असते. कुडाची भिंत शेणाने सारवून गेरू देतात. तांदळाची पिठी पाण्यात कालवतात आणि बांबूच्या चेचलेल्या काडीने रेषा ओढतात. हे चित्र विधीपुरते असते. ते वर्षानुवर्षे टिकावे अशी अपेक्षा नसते.

कागद आणि कापड कधी आले?
१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातील वारलींना कागद दिला. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) लग्नविधीबाहेरही रोज चित्रे काढू लागले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या अनेक चित्रांत कॅनव्हासवर शेणाचा थर आणि त्यावर पांढरा ॲक्रिलिक रंग आहे. म्हणजे सारवणाची जमीन तीच राहिली, पिठीची जागा टिकाऊ रंगाने घेतली. त्यामुळे चित्र गावाबाहेर नेता आणि विकता येऊ लागले.

छायाचित्रावर वारली रेषा
गंजाडचे राजेश वांगड आणि दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल २०१३ पासून एकत्र काम करत आहेत. गिल गावपरिसराची कृष्णधवल छायाचित्रे काढतात. त्यांच्या छापील प्रतींवर वांगड शाईने बारीक वारली चित्रे रेखाटतात. कॅमेऱ्याला उजाड माळ दिसतो. तिथे पूर्वी असलेले जंगल, गोष्टीतले देव आणि गाव सोडून गेलेली माणसे रेषेतून दिसतात. जमिनीचे आजचे रूप आणि गावाची आठवण एकाच चौकटीत येतात.

मग राहिलेला प्रश्न कोणता?
देवचौक बायकांचा होता. कागद आल्यावर नाव आणि पैसा मुख्यतः पुरुष चित्रकारांना मिळाला. दुसरीकडे, वारली आकृत्या कुर्त्यांवर आणि कपांवर सर्रास छापल्या जातात. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते नावाच्या वापराला संरक्षण देते. मात्र चित्र कोणी काढले, हे विचारण्याची सवय ग्राहकालाच लावून घ्यावी लागते.