तुणतुण्याचा सूर आणि ऑसिलेटरची कुळी

रेणापुरात रेणुकादेवीपुढे गोंधळ घातला जातो, तेव्हा संबळ, झांज आणि तुणतुणं एवढ्या तीन वाद्यांवर अख्खी रात्र निघते. संबळाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तुणतुण्याकडे फारसं कुणाचं नसतं. पण गाणाऱ्याला धरून ठेवतो तो तुणतुण्याचाच सूर. हा सूर लॅपटॉपवर घडवायचा म्हटलं, तर 'सर्ज एक्सटी'सारखं फुकट सॉफ्टवेअर उघडताच पहिला प्रश्न येतो: ऑसिलेटर, म्हणजे मूळ लाट घडवणारा भाग, कोणता? साइन, क्लासिक, वेव्हटेबल, एफएम, स्ट्रिंग अशी नावांची रांगच समोर येते. ही नावं एका बैठकीत ठरलेली नाहीत. त्यातल्या बऱ्याचशा नावांमागे त्या त्या काळाची एकेक नड आहे, आणि ती कळली की निवड सोपी होते.

साइन सगळ्यांत जुनी. कुठलीही पुन्हापुन्हा येणारी लाट साध्या लाटांच्या बेरजेतून उभी करता येते, हे गणिती फूरियेनं 1822 साली मांडलं, तेही उष्णतेचा अभ्यास करताना. शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1863 च्या ग्रंथात ते कानाशी जोडलं: विजेवर थरथरते ठेवलेले सूरकाटे एकत्र वाजवून त्यानं स्वरांचे रंग घडवून दाखवले. 1935 च्या हॅमंड ऑर्गनमध्ये फिरत्या दातेरी चकत्या हेच काम करू लागल्या. साइनमध्ये मूळ सुराशिवाय काहीच नसतं, म्हणून एकटी वाजली की ती पोकळ लागते. तुणतुण्याला ती पुरणार नाही.

'क्लासिक'मधल्या सॉ आणि स्क्वेअर या दोन लाटांचा जन्म संगीतासाठी झालाच नाही. कपॅसिटर हळूहळू भरू द्यायचा आणि एकदम रिकामा करायचा, की करवतीच्या दातासारखी लाट मिळते. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर किरण डावीकडून उजवीकडे सरकवायला हीच लाट लागायची. स्क्वेअरची कूळकथा पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये सापडते. आब्राम आणि ब्लॉक यांनी एकमेकींना चालू-बंद करणाऱ्या दोन व्हॉल्व्हची जोडी बांधली आणि तिला मल्टिव्हायब्रेटर म्हटलं, कारण तिच्यातून असंख्य उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, निघत. सॉमध्ये सगळे उपस्वर असतात, स्क्वेअरमध्ये फक्त विषम. स्वस्त सर्किटमधून इतका भरगच्च आवाज मिळाल्यावर 1964 नंतर मूगसारख्या सिंथेसायझर बनवणाऱ्यांनी तो फिल्टरनं कोरायला घेतला. पुढं रोलँडच्या टीबी-303 वर तर निवडीसाठी एकच खटका होता: सॉ किंवा स्क्वेअर. त्याच पेटीवर, ज्युपिटर-8 सिंथेसायझर आणि टीआर-808 ड्रम मशीन जोडीला घेऊन, वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. यंत्रातली स्लाइड त्यांनी मींडेसाठी वापरली. अशा यंत्रांवर रागाची वळणं काढणं हे मला त्या काळातलं मोठं काम वाटतं.

सॉफ्टवेअरची शाखा याआधीच फुटली होती. मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 साली बेल लॅब्जमध्ये आयबीएम 704 वर 'म्यूझिक' हा प्रोग्रॅम चालवला. त्यात एकच आवाज आणि एकच ट्रँगल लाट होती. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत लाटेची एक फेरी मेमरीत कोष्टक करून ठेवायची युक्ती आली. दर वेळी गणित करण्यापेक्षा कोष्टक वाचणं स्वस्त पडे. आजच्या वेव्हटेबल ऑसिलेटरचं मूळ तिथं आहे.

पण कॉम्प्युटरवर सॉ जशीच्या तशी उतरवली की घात होतो. सेकंदाला 44,100 नमुने घेतले, तर 22,050 हर्ट्झच्या वरचे उपस्वर नाहीसे न होता उलटे खाली येतात. सूर 1,000 हर्ट्झचा असेल, तर 44 वा उपस्वर 44,000 ऐवजी 100 हर्ट्झवर उमटतो, म्हणजे मूळ सुराच्याही खाली! म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमधली सॉ आतून बरीच मेहनत करून हे उपस्वर आधीच रोखते. लाटेचं चित्र सारखंच दिसलं तरी दोन सॉफ्टवेअरचे आवाज वेगळे का, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

गोंधळातल्या झांजेसाठी मात्र एफएमकडेच जावं. एका लाटेनं दुसरीची कंपनसंख्या हलवायची, ही वाट जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्डमध्ये 1967 साली सापडली आणि 1983 च्या यामाहा डीएक्स7 मधून ती जगभर गेली. दोन कंपनसंख्यांचं प्रमाण 1 : 1.4 ठेवलं की उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत आणि धातूचा नाद येतो.

राहिलं तुणतुणं. त्याचा ऑसिलेटर स्ट्रिंग. केव्हिन कारप्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी 1983 साली ही पद्धत छापली. कोष्टकात लाटेऐवजी नुसता खरखराट भरायचा. 220 हर्ट्झसाठी साधारण 200 आकडे पुरतात. मग ते कोष्टक फिरवत राहायचं आणि दर फेरीला प्रत्येक आकडा शेजारच्याशी मिळवून सरासरी घ्यायची. वरचे उपस्वर आधी विरतात, मूळ सूर मागं रेंगाळतो, आणि छेडलेल्या तारेचंही तसंच होतं. बेरीज आणि निम्मं करणं यापलीकडं गणित नाही, त्यामुळे तेव्हाच्या तुटपुंज्या चिपवरही ते पळे.

एवढ्यानं तार मिळते. तुणतुणं अजून मिळत नाही. तुणतुण्याची तार तळाच्या चामड्यातून निघून वरच्या खुंटीला जाते, म्हणजे प्रत्येक छेडीला चामडं थेट ओढलं जातं. त्यासाठी स्ट्रिंगच्या पुढं मधल्या पट्टीत फुगवटा देणारा फिल्टर लावावा आणि सूर विरण्याचा वेळ कमी ठेवावा. जोरानं छेडलेली तार ताणली जाऊन सूर किंचित वर चढतो आणि लगेच जागेवर येतो. तेवढा चढ एन्व्हलपनं पिचला द्यावा, अगदी थोडा. आणि प्रत्येक छेडीचा जोर कमी-जास्त ठेवावा, कारण गोंधळ्याचं बोट रात्रभर एकाच जोरानं पडत नाही.