जैनब : एका नावाची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या रोहिणखेड गावी इ. स. १४३७ मध्ये बहमनी आणि फारुकी फौजांची जी गाठ पडली, तिच्या मुळाशी एका सोयरिकीतील बेबनाव होता. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याची मर्जी संगमेश्वरच्या राजकन्येवर, जिला दरबारात झेबाचेहरा हे फारसी नाव मिळाले होते, जडली; तेव्हा त्याची आधीची बेगम आगा झैनब हिने आपल्या उपेक्षेची तक्रार पित्याकडे, म्हणजे खानदेशचा अधिपती नासिरखान फारुकी याच्याकडे केली, आणि लेकीचा कैवार घेऊन (त्यात मुलूखगिरीचा लोभ नव्हताच, असे मानण्याइतके भोळे कोणी असू नये) तो वऱ्हाडात उतरला. वऱ्हाडच्या बहमनी सुभेदाराला नरनाळ्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. परंतु बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने रोहिणखेडला खानदेशी फौजेचा मोड केला, बुऱ्हाणपूरची धूळधाण केली, आणि लळिंगपर्यंत मागे रेटला गेलेला नासिरखान त्याच वर्षी मरण पावला.

या बेगमेचे नाव अस्सल अरबी. त्याची 'झैन' म्हणजे भूषण आणि 'अब' म्हणजे पिता अशी फोड करून 'पित्याचे भूषण' असा अर्थ सांगण्याचा प्रघात आहे, आणि नासिरखानाची कथा ऐकल्यावर तो कोणालाही पटावा. तथापि अरबी कोशकारांनी 'झैनब' हा दिसण्यात देखणा व सुगंधी असा एक वृक्ष असल्याचे नोंदवून त्यावरूनच स्त्रियांना हे नाव पडले असे म्हटले आहे, आणि वृक्षलतांची नावे आपल्या लेकींना देणाऱ्या आपणा मराठी माणसांना तेच अधिक स्वाभाविक वाटेल. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्याला आव्हान देणाऱ्या पाल्मिराच्या झेनोबिया राणीशीही काही पंडित या नावाचा संबंध जोडतात. मला तो ध्वनिसाम्याच्या मोहातून जुळविलेला वाटतो.

नावाचा प्रसार झाला तो मात्र व्युत्पत्तीच्या बळावर नव्हे. पैगंबरांची एक कन्या झैनब, त्यांच्या दोन पत्न्याही त्याच नावाच्या, आणि नात झैनब, हजरत अलींची कन्या, जिने इ. स. ६८० च्या करबलेच्या संहारानंतर दमास्कसच्या दरबारात खलिफा यझीदाला तोंडावर जाब विचारल्याचे स्मरण मोहरमात आजही केले जाते. एवढ्या पुण्याईनंतर अर्थाची विचारपूस कोण करणार?

मराठी लिपीत अरबी 'झे'साठी स्वतंत्र अक्षर नसल्याने लिहिणाऱ्याच्या कलमाप्रमाणे कुठे 'झैनब' तर कुठे 'जैनब' उमटते, पुढे 'बीबी'चा संक्षेप 'बी' जोडला की 'जैनबबी' होते, आणि दोन 'ब' उच्चारण्याचा जिभेला कंटाळा आला की त्यातला एक गळून 'जैनबी' उरते.