कोस बेटाचा रांजण

तेरला लोक जातात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं हे कुंभार संताचं गाव. त्याचा एक लांबचा धागा तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतच्या कोस बेटाशी जुळतो, आणि तोही मडक्यावरूनच.

कोसचे लोक वाइनमध्ये समुद्राचं पाणी घालत. ऐकायला विचित्र वाटतं, पण या खारट वाइनचे शौकीन भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं झाले. ती ज्या रांजणातून जाई त्याला लांब मान, निमुळतं बूड आणि दोन कान. प्रत्येक कान मातीच्या दोन दांड्या एकमेकींना चिकटवून केलेला. असा रांजण ओट्यावर उभा राहायचा नाही. गलबतात मात्र खालच्या थरातल्या रांजणांच्या खांद्यांमध्ये त्याचं बूड घट्ट बसे. आतून राळेचा लेप, माल पंचवीसेक लिटर.

खपणाऱ्या मालाची नक्कल होणारच. इ.स.पू. दुसऱ्या शतकात रोमच्या केटोनं शेतीवरच्या पुस्तकात कोसची वाइन इटलीत कशी करावी, हे सांगून टाकलं : वारा पडलेला असताना किनाऱ्यापासून दूर जाऊन समुद्राचं पाणी काढा, तेही द्राक्षं तोडण्याच्या 70 दिवस आधी. पुढे नेपल्सजवळच्या कंपानियातल्या कुंभारांनी रांजणही हुबेहूब उतरवला. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला कोसचे अस्सल तुकडे सापडले आणि हे नकलीही.

दख्खनची वाट भडोचवरून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकाचा लेखक भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन आधी सांगतो : पसंती इटलीच्या वाइनला, मग सीरियाकडच्या लाओदिकेयाच्या आणि अरबस्तानातल्या. राजासाठी उंची वाइन वेगळी. भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. (पूर्व कसली, आग्नेय, पण खलाशाला एवढं माफ.) हे तगर म्हणजेच तेर, असं अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडलं.

या मुलखात रांजणांचे तुकडे ठळकपणे पुढे आले ते प्रवरेकाठी नेवाशाला, सांकलियांच्या 1954-56 च्या उत्खननात. मात्र दिसला परका तुकडा की म्हण रोमन, ही खोड आपल्याकडे बरीच चालली. जुन्या भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातले असे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले बरेच इराक-इराणकडच्या बिनकानी, आतून डांबर फासलेल्या रांजणांचे निघाले. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली म्हणतात; इथे तपासायचा तो कान, लेप आणि माती. कंपानियाच्या मातीत व्हेसुवियस ज्वालामुखीची काळी वाळू चमकते, ती कुठल्याही कुंभाराला लपवता येत नाही.

तगरकडून भडोचला काय जाई, तेही त्याच लेखकानं टिपलंय : भरपूर जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच घडणीची दुसरी 1938 मध्ये पॉम्पेईत मिळाली, इ.स. 79 च्या राखेखाली. म्हणजे व्हेसुवियस फुटला तेव्हा दख्खनच्या घडणीची बाई त्या गावात आधीच पोचलेली होती.