ड्रेकबाईंचा अर्ज आणि ‘तशाही घरीच’ असलेल्या बायका

एखादी सरकारी योजना अभ्यासायला घेतली की ती कोणाला मिळते, हे आपण लगेच टिपून घेतो. कोणाला मिळत नाही, ती ओळ मात्र राहून जाते. मी मूळची सांख्यिकीची. नमुन्यातून कोण वगळलं गेलं, हे आधी बघायची सवय तिथली. ब्रिटनमधल्या काळजीवाहकांच्या भत्त्याचा इतिहास वाचताना ती फार उपयोगी पडली. काळजीवाहक म्हणजे घरातल्या आजारी, अपंग किंवा थकलेल्या माणसाचं सगळं बिनपगारी करणारी व्यक्ती.

मेरी वेबस्टर या ख्रिस्ती धर्मोपदेशक. आईवडिलांकडे बघायला हवं म्हणून १९५४ मध्ये, एकतिशीत, त्यांनी काम सोडलं. १९६३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली आणि अविवाहित मुलींवर येणारा हा भार जाहीरपणे मांडला. तशाच अवस्थेतल्या कितीतरी बायकांनी त्यांना प्रतिसाद दिला आणि १९६५ मध्ये संघटना उभी राहिली. तिचं नाव होतं ‘नॅशनल कौन्सिल फॉर द सिंगल वुमन अँड हर डिपेंडंट्स’. नावातला ‘सिंगल’ लक्षात ठेवा.

१९७६ मध्ये ‘इन्व्हॅलिड केअर अलाउन्स’ सुरू झाला. आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्या, आणि त्यापायी नोकरी करता न येणाऱ्या माणसाला सरकार थोडे पैसे देणार होतं. पुरुषांना मिळणार, अविवाहित बायकांना मिळणार. पण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितेला नाही! बायकोची शुश्रूषा करणारा नवरा पात्र, नवऱ्याची शुश्रूषा करणारी बायको अपात्र. सरकारचं म्हणणं साधारण असं, की विवाहित बाई तशीही घरीच असणार. म्हणजे हा भत्ता काळजी घेण्याच्या कष्टांचा मोबदला नव्हताच, तो बुडालेल्या पगाराची भरपाई होता. आणि विवाहितेचा पगार बुडतो, हे गृहीतच धरलेलं नव्हतं.

ते खोटं ठरवलं जॅकलीन ड्रेक यांनी. त्या नोकऱ्या करत होत्या. १९८४ मध्ये आजारी आई त्यांच्याकडे राहायला आली आणि त्यांना काम सोडावं लागलं. १९८५ मध्ये त्यांनी भत्त्यासाठी अर्ज केला आणि विवाहित म्हणून तो नाकारला गेला. प्रकरण युरोपीय न्यायालयात पोचलं. तिथला कायदेशीर पेच मला फार आवडतो. सामाजिक सुरक्षेत स्त्री-पुरुष समानता पाळण्याचा युरोपीय नियम आजारपण, अपंगत्व वगैरेंशी निगडित लाभांना लागू होता. पण इथे अपंग होती आई आणि पैसे मिळणार होते मुलीला. मग हा लाभ अपंगत्वाचा म्हणायचा का? न्यायालय म्हणालं, हो. २४ जून १९८६ चा हा निकाल. ब्रिटिश सरकारने आदल्याच दिवशी विवाहितांनाही भत्ता देण्याचं जाहीर करून टाकलं होतं. (खटला क्रमांक १५०/८५. निकाल लहान आहे, मुळातूनच वाचा.)

पैसा कोणाच्या नावाने, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला द्यायचा, काळजी घेणाऱ्या आईला किंवा सुनेला नाही.

ब्रिटनमधला भत्ता आता ‘केअरर्स अलाउन्स’ म्हणून ओळखला जातो. २०२५-२६ साठी दर आठवड्याला ८३.३० पौंड. ३५ तासांनी भागून बघा, तासाला अडीच पौंडही पडत नाहीत. दोघांची काळजी घेतली तरी रक्कम तेवढीच. कमाई आठवड्याला ठरलेल्या मर्यादेपेक्षा (२०२५-२६ साठी १९६ पौंड) एका पौंडाने जरी वाढली, तरी भत्ता थोडासा कापला जात नाही, अख्खा जातो. ते वेळीच लक्षात आलं नाही तर वसुलीची रक्कम साठत राहते.

आणि वगळलेल्यांची यादी अजून संपलेली नाही. इंग्लंडमध्ये आठवड्याला २१ तास किंवा जास्त शिकणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही. रात्री आईला औषधं देऊन सकाळी लेक्चरला बसणारी मुलगी त्या हिशेबात ‘विद्यार्थिनी’, काळजीवाहक नव्हे. स्कॉटलंडने स्वतःची वेगळी योजना आणली, २०२४ पर्यंत ती तिथे सगळीकडे पोचली, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या अनेकांना तिने आत घेतलं.